गाय गाभडली? नशिबाला दोष नको, रक्त तपासा

लाखनीच्या धानपट्ट्यात दूध म्हणजे रोजचा पैसा. सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली, की वासरू जाते, दूधही घटते. यामागचे एक मोठे कारण ब्रुसेलोसिस. हा जिवाणू वारेत वाढतो आणि गर्भाचे पोषण तोडतो. पडलेला गर्भ, वार व स्रावातून तो गोठाभर पसरतो. उघड्या हाताने वार काढणाऱ्याला, कच्चे दूध पिणाऱ्यालाही तो गाठतो. अशी गाय गुपचूप विकणे म्हणजे रोग दुसऱ्याच्या दावणीला बांधणे. गर्भ चुना टाकून खोल पुरावा, गायीचे रक्त तपासावे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला एकदाच द्यायची लस २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. हे वय निसटू नये, यासाठी शिबिराची वाट न पाहता लस गोठ्यापर्यंत पोहोचायला हवी.