डिकीतली बंदूक



परवा डबा खायच्या सुट्टीत एक प्रसंग घडला. मी फळ्यावर गणितं लिहीत होते. मागून जोरात आवाज आला, "बाई, हात वर!"

वळून बघते तर काळंभोर पिस्तूल माझ्यावर रोखलेलं! खडू हातातून खाली पडला. खरं सांगते, छातीत अगदी धस्स झालं. मग पिस्तुलामागचा चेहरा दिसला. आमच्या चौथीतलाच मुलगा! गावच्या जत्रेत घेतलेलं खेळणं त्याने मला दाखवायला आणलं होतं. सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले.

पण घरी जाताना मनात विचार आला. माझाच वर्ग, भर दुपारची वेळ आणि माझाच विद्यार्थी. तरी ते पिस्तूल खोटं आहे हे कळायला मला एक क्षण लागलाच. मग जागा अनोळखी असती, वेळ रात्रीची असती आणि माझ्याही हातात खरी बंदूक असती, तर त्या एका क्षणात मी काय केलं असतं?

हा विचार सुचायला एक कारण होतं. माझा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा मागच्या डिसेंबरात सुट्टीला आमच्याकडे आला होता. एका रात्री गच्चीवर गप्पा मारताना तो हळूच म्हणाला, "आत्या, तुला एक गोष्ट सांगू? पण आजीला नको हं सांगूस."

तुम्हांलाही सांगते. पण त्याआधी 'एअरसॉफ्ट' म्हणजे काय ते ऐका. हा खेळ जपानमध्ये सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणं फार कठीण, म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळातल्या बंदुका निघाल्या. त्यांतून ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडतात. डोळ्यांना चश्मा आणि तोंडावर जाळी लावून दोन संघ मैदानात लपाछपी करत लढतात. गोळी लागली की खेळाडूने स्वतःच "लागली" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. म्हणजे खेळ सगळा प्रामाणिकपणावर चालतो. आज हा खेळ पुष्कळ देशांत खेळतात. माझा भाचाही शनिवार-रविवारी खेळायला जातो.

त्या शनिवारी खेळ संपला तेव्हा अंधार पडायला आला होता. बंदूक ठेवायच्या पिशवीची चेन तुटली होती. डिकी उघडून सगळं नीट लावायचा आला कंटाळा! त्याने बंदूक तशीच मागच्या सीटवर टाकली, वर चिखलाचा टॉवेल टाकला आणि पुढे वडिलांशेजारी बसला.

दहा-पंधरा मिनिटांनी मागे लाल-निळे दिवे चमकू लागले. पोलिसांची गाडी! गुन्हा काही नव्हता, गाडीचा मागचा एक दिवा बंद पडला होता, एवढंच. भावाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

आता एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे पोलिसांनी हात केला की पुष्कळदा बाबा खाली उतरतात, कागदपत्रं घेऊन साहेबांकडे जातात आणि दोन शब्द बोलतात. अमेरिकेत असं करायचं नसतं. तिथे पुष्कळ लोकांकडे खऱ्या बंदुका असतात. गाडीतून भराभर उतरणारा माणस काय करणार आहे, हे पोलिसाला ठाऊक नसतं. म्हणून तिथली रीत अशी : इंजिन बंद करायचं, काच खाली करायची, आतला दिवा लावायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि बसून राहायचं. लायसनसुद्धा मागितल्यावर, "ते खिशात आहे, काढतो," असं सांगूनच काढायचं.

भाच्याला आठवलं, मागे बंदूक आहे! टॉवेल घसरून तिचा काळा दस्ता उघडा पडला होता. त्याला वाटलं, पटकन वळावं आणि टॉवेल नीट ओढून घ्यावा. तो वळणार, एवढ्यात भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाला, "हलू नकोस. हात मांडीवर ठेव."

पोलीस खिडकीशी आला. भावाने नमस्कार-चमत्कार होण्याआधीच सांगून टाकलं, "ऑफिसर, मागच्या सीटवर माझ्या मुलाची खेळातली बंदूक आहे. आम्ही दोघंही तिला हात लावणार नाही. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

पोलिसाने दोघांना सावकाश खाली उतरवलं आणि गाडीमागे उभं केलं. बंदूक उचलून पाहिली. सीटखालीही बॅटरीने पाहिलं. मग तो म्हणाला, "हिचं नारिंगी टोक टॉवेलखाली होतं. मला काचेतून दिसला तो फक्त काळा दस्ता." दिवा दुरुस्त करून घ्या, अशी ताकीद देऊन त्याने दोघांना सोडलं.

"आत्या," भाचा म्हणाला, "मी वळलो असतो तर?"

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला, "आणि ते नारिंगी टोक आहे ना, ते मी काळं करणार होतो. मित्र म्हणतात, तसं जास्त खरं वाटतं."

त्या नारिंगी टोकाची गोष्ट ऐका. अमेरिकेत १९८८ साली एक कायदा झाला. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण हवी, असं त्यात ठरलं. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुकांच्या विक्रीवर बंधनं आली. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर नकली बंदूक विकताच येत नाही. जपानमध्ये धातूचं नकली पिस्तूल पांढरं किंवा पिवळं असावं लागतं. इतक्या दूरदूरच्या देशांनी रंगाचाच विचार का केला असेल? कारण रंग लांबून दिसतो. न बोलता तो सांगतो, "घाबरू नका, हे खेळणं आहे."

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा विचारेल, "बाई, पण पोलिसांना गाडीत असं बघता येतं का?" चांगला प्रश्न! अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून एक कलम आहे. पुरेसं कारण नसताना सरकारी माणसाने कोणाची झडती घ्यायची नाही, असं ते सांगतं. घराची झडती घ्यायला बहुतेक वेळा न्यायाधीशाचा हुकूम लागतो. पण गाडीला चाकं असतात ना! हुकूम येईपर्यंत ती पसार व्हायची. दारूबंदीच्या काळात तिथे एका गाडीच्या गादीमागे दारूच्या ६८ बाटल्या सापडल्या होत्या. त्या खटल्यात १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सबळ कारण असेल तर गाडीची झडती हुकमाशिवायही घेता येईल. पुढे १९८३ साली आणखी एक निकाल लागला. त्या प्रकरणात पोलिसांना गाडीत खाली पडलेला शिकारीचा सुरा दिसला होता. माणूस धोकादायक आहे आणि त्याच्या हाताशी शस्त्र असू शकतं, असं मानायला कारण असेल, तर पोलीस बसायच्या जागेत शस्त्र आहे का ते पाहू शकतात, असं न्यायालय म्हणालं.

आणि नुसतंच कोणी विचारलं, "गाडी पाहू का?" तर तिथे शांतपणे "माझी संमती नाही," असं म्हणायचा हक्क माणसाला असतो. मात्र पोलीस तरीही पाहू लागले, तर अंगावर जायचं नाही आणि अडवायचं नाही. तक्रार नंतर न्यायालयात करायची. हक्क माहीत असावा, पण रस्त्यावर रात्री झोंबाझोंबी करून तो मिळत नसतो.

म्हणूनच जाणते खेळाडू बंदूक रिकामी करतात, बॅटरी काढतात, पेटीत घालून पेटी बंद करतात आणि डिकीत ठेवतात. सीटवर नाही की मांडीवर नाही. ती दिसणार नाही आणि हाताशीही नसेल.

आता एक दुःखाची गोष्ट सांगायची आहे. पालकांनो, ही मुलांबरोबर बसून वाचा.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. २२ नोव्हेंबर २०१४ ला तो एका बागेत मित्राची एअरसॉफ्ट बंदूक घेऊन खेळत होता. तिचं नारिंगी टोक निघालेलं होतं. एका माणसाने पोलिसांना फोन केला. बंदूक बहुधा खोटी असेल आणि तो बहुधा लहान मुलगा असेल, हेही त्याने सांगितलं. पण फोन घेणाऱ्यांकडून हे दोन 'बहुधा' गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलेच नाहीत. गाडी येऊन थांबली आणि दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. दुसऱ्या दिवशी तामिर गेला.

आपण वर्गात 'कानगोष्टी' खेळतो. पहिल्याच्या कानात सांगितलेलं वाक्य शेवटच्यापर्यंत जाताना काहीतरीच होतं आणि आपण पोट धरून हसतो. इथे दोन शब्द मधेच गळले आणि एक मूल गेलं.

चूक तामिरची होती का? मी म्हणेन, नाही. बारा वर्षांचं मूल बागेत खेळणारच. थांबून खात्री करून घेणं हे मोठ्यांचं काम होतं. तामिर कृष्णवर्णीय होता, आणि अशा मुलांकडे संशयाने पाहिलं जातं, म्हणून लोक रस्त्यावर उतरले. पोलिसावर खटला उभा राहिला नाही. २०१६ साली शहराने त्याच्या कुटुंबाला ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आईला त्याचं काय होय?

मग बाई, आम्ही खेळायचंच नाही का, असं विचाराल. खेळा की! दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल मीही उडवलंय. फक्त एवढं लक्षात ठेवा : हे खेळणं आहे, हे फक्त तुम्हांला माहीत असतं. समोरच्याला दिसतो तो आकार. रस्त्यावर अनोळखी माणसावर ते रोखायचं नाही. मोटरसायकलवर बाबांच्या मागे बसून हातात मिरवायचं नाही. पुढे नाकाबंदी लागली तर बाबांनी आधी सांगायचं आणि तुम्ही हात स्थिर ठेवायचे. विमानाने जाणार असाल तर खेळण्यातलं पिस्तूल हातातल्या पिशवीत चालतच नाही, तपासणीत काढून घेतात.

एक प्रयोगही करून पाहा. दिवेलागणीला तुमचं खेळण्यातलं पिस्तूल अंगणातल्या कट्ट्यावर ठेवा. दहा पावलं मागे या आणि आजीला नुसतं विचारा, "आजी, ते काय आहे गं?" उत्तर मला जरूर लिहून पाठवा.

आमच्या चौथीतल्या वीराचं काय झालं, म्हणता? दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी घुटमळत होता. "बाई, परत देता ना?" मी कपाटातून पिस्तूल काढलं, नारिंगी घोटीव कागद आणि डिंक काढला. आम्ही दोघांनी मिळून नळीच्या टोकाला कागद गुंडाळून चिकटवला. त्याने ते हातात फिरवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, आता हे खरं वाटतच नाही."

"म्हणूनच तर लावलाय बाळा," मी म्हटलं. "जा, दप्तरात ठेव."

तुमच्या,
बाई