चाक कुणी फिरवायचं?

मैत्रिणींनो, शाळेच्या सहलीचा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. हुंडा, पोटगी, रेशन, मारहाण हे आपले लढ्याचे विषय. सहल हा शाळेचा. पण 'यंत्रातलं आपल्याला काही कळत नाही' हे मुलगी कुठे आणि केव्हा शिकते, हे शोधायचं तर प्राथमिक शाळेच्या सहलीतही डोकवावं लागेल.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्णपणे लोकांसाठी खुलं झालं. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे जातात. 'हात लावू नये' अशी पाटी असलेलं हे संग्रहालय नव्हे. इथे बटण दाबायचं, चाक फिरवायचं, दोरी ओढायची आणि काय होतं ते स्वतः पाहायचं. घोकंपट्टीपेक्षा हे शिक्षण शंभर पटींनी चांगलं. बस एकच, रांग एकच, म्हणजे संधीही सारखीच, असं आपण गृहीत धरतो.

ती सारखी नसते. वर्ग आत शिरला की मुलगे धावत जाऊन चाक पकडतात. बऱ्याच मुली मागे उभ्या राहून पाटीवरची माहिती वहीत उतरवून घेतात. "आमच्या मुली किती शिस्तीच्या!" म्हणून बाई कौतुक करतात. शिट्टी वाजते, रांग पुढे सरकते. मुलींचे निबंध छान होतात, पण चाकाला हात लागलेलाच नसतो.

यात दोष एकट्या मुलग्यांचा नाही. अमेरिकेतल्या एका संग्रहालयात आईवडील मुलांशी काय बोलतात, याच्या नोंदी घेतल्या गेल्या. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वस्तू कशी वापरायची, हे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखंच सांगितलं जात होतं; पण असं 'का' होतं, हे मुलग्यांना तिपटीने जास्त समजावलं जात होतं. आईवडिलांच्या हे लक्षातही येत नसावं, असं अभ्यासकांचं म्हणणं. भेदभाव असा नकळत झिरपतो, म्हणून तर तो मोडायला अवघड.

१९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेने कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा अटी घालून प्रवेश मिळाला. आज दार उघडं आहे. पण आत गेलेल्या मुलीला मागच्या रांगेत उभं केलं, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय?

दिवाळीनंतर सहली सुरू होतील. त्याआधी आपापल्या वस्तीतल्या शाळेत जाऊन बाईंशी आणि गुरुजींशी बोलूया. पाच-पाच जणांचे गट करा. प्रत्येकाची पाळी ठरवा, निम्म्या ठिकाणी सुरुवात मुलीने करावी. वही लिहिण्याचं काम मुलग्यांकडेही द्या. 'का?' हा प्रश्न मुलींना आधी विचारा आणि उत्तराची वाट पाहा. आणि पालकसभेत आपणच सांगूया: पैसे कमी पडले की मुलाची सहल होते आणि मुलीची पुढच्या वर्षावर जाते, हे यंदा चालणार नाही.

यासाठी ना नवा कायदा लागतो, ना जादा खर्च. चाकावर आपल्या मुलीचाही हात असला पाहिजे, एवढा आग्रह मात्र लागतो.