पाळी गेल्यानंतरची स्त्री

स्त्रीच्या श्रमांचा हिशेब मांडणाऱ्या चळवळींनीही तिच्या आयुष्याचा एक कालखंड हिशेबाबाहेर ठेवला आहे. कुडाळ तालुक्यातील पिंगुळीसारख्या गावात लावणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीच्या अंगातून एकाएकी गरम वाफा येतात, छाती धडधडते, रात्री घामाने अंथरूण भिजते. ‘वयाचे आहे, जाईल’ एवढेच तिला ऐकावे लागते, आणि अपुऱ्या झोपेनिशी पहाटे ती पुन्हा कामाला लागते.

हा मनाचा खेळ नव्हे. अंडाशयातून मिळणारे इस्ट्रोजेन घटले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील बनते. उष्णता किंचित वाढताच ते शरीर थंड करू पाहते. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो. अनेकींना हा त्रास सात-सात वर्षे पुरतो.

यावर उपचार आहेत. सर्वांत गुणकारी उपचार संप्रेरकांचा. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासामुळे त्याविषयी भीती पसरली. पुढे स्पष्ट झाले की, साठीच्या आतील, पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांना त्यापासून बहुधा धोक्याहून लाभच अधिक होतो. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना तो सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी संप्रेरकविरहित गोळ्या आहेत. कोकम सरबताने जिवाला गारवा वाटेल, पण तो उपचार नव्हे.

स्त्रीच्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे बीडने दाखवले. २०१९ मध्ये शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे मजुरीचा खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण होते. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती अंगावर कोसळते आणि या वाफाही अधिक तीव्र असतात.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेने बाळंतपणाकडे लक्ष दिले, ते योग्यच झाले. परंतु स्त्री म्हणजे केवळ गर्भाशय नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात या त्रासाची तपासणी आणि मोफत औषधे, आशा सेविकांना त्याचे प्रशिक्षण, कामाच्या जागी सावली, पाणी व विश्रांती या मागण्या किमान वेतनाच्या मागणीइतक्याच न्याय्य आहेत. कार्यकर्त्यांनी त्या महिला ग्रामसभेत निःसंकोच मांडल्या पाहिजेत. ज्या दुःखाचा उच्चार होत नाही, त्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही.