नकाशाऐवजी दुसरा प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

प्राचीन इतिहास म्हणजे घोकंपट्टी, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोलणाऱ्यांनी एकदा हा विषय शनिवारी दुपारी ग्रंथालयामागच्या खोलीत येऊन शिकवून पाहावा. तेथे मी प्रथम वर्षाच्या तिघांना तो समजावून देतो. एक जन्मांध आहे, एकीला कमी ऐकू येते आणि तिसऱ्याला ओळ वाचायला इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत या तिसऱ्याचीही अध्ययन-अक्षमता आहे. पण कायद्यातला शब्द वर्गात पोहोचेपर्यंत त्याचा ‘ढ’ होतो!

एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. ओठांवर ‘प’ आणि ‘ब’ सारखेच दिसतात, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक नाव फळ्यावर लिहावे, तर तिसरा तेथेच अडखळतो. तिघांनाही उपयोगी पडला तो नकाशा. आणि नेमका तोच आपण अंध विद्यार्थ्याला वगळायला सांगतो.

सी.बी.एस.ई.च्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत अंधांसाठी नकाशाऐवजी दुसरा प्रश्न छापलेलाच असतो. लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटे जादा मिळतात. हे सारे हवेच, त्यावर कोणी कुरकुर करू नये. पण परीक्षेत विचारणार नाहीत म्हणून वर्गातही शिकवायचे नाही, हा कोठला न्याय? माझ्या घरात कॉलेज पाहिलेले कोणी नव्हते, म्हणून ‘सोपे विषय घे’ असा प्रेमळ सल्ला मलाही मिळाला होता. त्या सल्ल्यात आणि ‘नकाशा सोडून दे’ म्हणण्यात मला फरक दिसत नाही.

सातवाहनांची राजधानी पैठणला, मग त्यांचा एवढा मोठा शिलालेख दूर नाणेघाटात का? कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने घाटमाथ्यावर जुन्नरकडे चढे, हे जागा कळल्याखेरीज कसे कळावे?

आम्ही पुठ्ठा घेतला. किनाऱ्याला सुतळी, सह्याद्रीला कागदाच्या लगद्याची रांग, गावांना सदऱ्याची बटणे. खरे काम त्या मुलीने केले, मी नुसता सूचना देत होतो. ‘पेरिप्लस’ ही पहिल्या शतकातली, समुद्रावरच्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली ग्रीक मार्गदर्शिका. तिच्यात भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे सांगितले आहे. दोऱ्याला दिवसागणिक एक गाठ मारली. आमचा विद्यार्थी गाठी मोजत पैठणला पोहोचला, पुढच्या दहा मोजल्या आणि थांबला. म्हणाला, “दादा, पूर्वेला कुठं? बोट तर खाली जातंय.”

तेर खरोखरच पैठणच्या आग्नेयेला, बरेचसे दक्षिणेकडे आहे. ग्रंथकार बंदरावर ऐकलेलेच लिहीत असावा. आम्हां डोळसांच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि हाच मुलगा म्हणे नकाशातून मुक्त!

यात नवे काही नाही. रोममधला शिक्षक क्विंटिलियन याने पहिल्या शतकातच आपल्या लॅटिन ग्रंथात सुचवले होते, की मुलाला फळीवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतून लेखणी फिरवू द्यावी. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अंध विद्वान दिदिमस लाकडात कोरलेली अक्षरे चाचपून शिकला, असे जुने इतिहासकार सांगतात. ब्रेलच्या आधी दीड हजार वर्षे! ज्या काळाचा इतिहास आपण शिकवतो, त्या काळाला हे सुचले होते.

माझे म्हणणे एवढेच, की आपल्या ग्रंथालयात असे उठावाचे चार-पाच नकाशे असावेत. खर्च पुठ्ठ्याचा आणि सुतळीचा. ज्याला दुसरा प्रश्न हवा त्याला तो जरूर द्यावा, पण निदान अंतर्गत परीक्षेत आधी विचारावे तरी. पुठ्ठा पुढे ठेवावा, बटणांची डबी द्यावी आणि सोपारा, कल्याण, जुन्नर, पैठण लावायला सांगावे. ती जादा २० मिनिटे त्यासाठी वापरता येतील.