पडीक जमीन रिकामी नसते

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी आपण शिकतो की यंत्रावर घसारा काढतात, जमिनीवर नाही. जमीन झिजत नाही, असे हे शास्त्र! म्हणूनच की काय, शहरातला पैसा खेड्याकडे धावतो आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कर्नाटकाने मात्र असे बंधन २०२० मध्ये उठवले.

बालाघाट जिल्ह्यातील चंदन नदीकाठचे रामपायली घ्या. हा जुन्या मध्यप्रांतातला भाताचा मुलूख. येथली मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पुढे १९६० च्या कायद्याने जमीनधारणेवर कमाल मर्यादा आली. एका हाती फार जमीन नको, हाच त्यामागील हेतू.

मर्यादेच्या आत का होईना, मोठा तुकडा घेऊन कुंपण घालणाऱ्याला मी एकच विचारीन: खसरा पाहिलात, पण 'वाजिब-उल-अर्ज' पाहिलात काय? मध्यप्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेनुसार खाजगी जमिनीतील वाटेचे व पाण्याचे रूढ हक्क त्यात नोंदतात. गावच्या सरकारी जमिनीवरील चराई-सरपणाचे हक्क 'निस्तार पत्रका'त. खरेदीखताने मालक बदलतो, हे हक्क नव्हेत.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी कोणी हिशेबनीस होईल, कोणी बँकेत बसेल. असे कागद समोर येतील, तेव्हा 'पडीक' हा शब्द वाचून थांबू नका. तेथे कोणाची गुरे चरतात, तेही विचारा. जमिनीला घसारा नसेल. वाट बंद झालेल्या गावाला तो लागतोच.