मृत्युशय्येवरील ‘होकार’

कोलकात्याच्या कालीमंदिरालगत यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा तेथील महापालिकेने १९५२ मध्ये मदर तेरेसा यांच्या स्वाधीन केली आणि ‘निर्मल हृदय’ सुरू झाले. रस्त्यावर टाकून दिलेली मरणोन्मुख माणसे भगिनींनी उचलून आणली, त्यांच्या जखमा धुतल्या. हे श्रम कोणीही नाकारू नयेत. प्रश्न आहे तो अखेरच्या घटकेला त्या माणसांच्या कपाळावर पडणाऱ्या पाण्याचा.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार बाप्तिस्म्याने पाप धुतले जाते आणि स्वर्गाचे दार उघडते. सेविकेच्या दृष्टीने ही करुणेची परिसीमाच. म्हणूनच १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील एका भाषणात मदर तेरेसा यांनी कृतार्थतेने सांगितले, की १९५२ पासून या एका वास्तूत २९ हजार माणसे मरण पावली. पापक्षमा करणारा आशीर्वाद हवा का, असे विचारल्यावर एकानेही नकार दिला नाही. बाप्तिस्म्याला त्यांनी शब्द वापरला तो संत पीटरकडे जाण्याच्या ‘तिकिटा’चा! हा विरोधकांचा आरोप नव्हे.

विचारला जातो तो ‘आशीर्वाद’. आशीर्वाद साधूचा असो वा फकिराचा, हिंदू मन तो नाकारत नाही. ज्याच्या ओठांना कित्येक दिवसांनी कोणी पाणी लावले, तो ग्लानीतला वृद्ध त्या हाताला ‘नको’ कसे म्हणणार? त्याच्या कृतज्ञतेला धर्मांतराची संमती मानणे हा कोणता न्याय?

चर्चचा स्वतःचा कायदाही हे मानत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८६५ वे कलम म्हणते, की मरणासन्न प्रौढालाही श्रद्धेच्या मुख्य तत्त्वांचे काही ज्ञान असावे आणि त्याने बाप्तिस्म्याची इच्छा कोणत्या ना कोणत्या रीतीने प्रकट केलेली असावी. त्याआधी, १९६४ मध्येच, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मान्य केले होते, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ज्ञात झाला नाही, पण जे सदसद्विवेकानुसार जगले, त्यांनाही तारण मिळू शकते. मग त्या म्हाताऱ्याला कालीमातेच्या अंगणात सुखाने मरू देण्यात अडचण कोणती होती?

‘लॅन्सेट’चे संपादक रॉबिन फॉक्स यांनी १९९४ मध्ये तेथे प्रभावी वेदनाशामकांचा अभाव असल्याचे नोंदवले. तिकिटाची व्यवस्था चोख, औषधाची मात्र नाही!

मोक्षाची ओढ हिंदूंनाही आहे. काशीच्या मुक्तिभवनात आजही मरणोन्मुख वृद्धांना त्यांचे नातेवाईक घेऊन येतात. पण तेथे आजन्म जपलेल्या श्रद्धेनेच माणूस डोळे मिटतो. दुसऱ्याचे नाम त्याच्या कानी घालण्याची घाई कोणाला नसते.

तथापि, ‘निर्मल हृदय’च्या दारापर्यंत त्या वृद्धांना कोणी पोहोचवले? पोटच्या मुलांनी, शेजाऱ्यांनी, आपल्याच समाजाने. मिशनऱ्यांवर रोष धरण्यापूर्वी हे उत्तर पचवावे लागेल. सदाशिव गोविंद कात्रे यांनी ते पचवले. कुष्ठरोग जडल्यावर ते मिशनच्या रुग्णालयात होते. तेथील धर्मांतराचा आग्रह त्यांनी पाहिला. मात्र केवळ निषेध करून ते थांबले नाहीत. १९६२ मध्ये छत्तीसगडमधील चांपा येथे त्यांनी भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे विदर्भातून गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी २०१९ मध्ये देह ठेवेपर्यंत त्याच आश्रमात रुग्णांची सेवा केली.