जामठ्याला जादा गाडी सोडा

आषाढीला पंढरपूरसाठी राज्यभरातून एसटीच्या ५,०००च्या घरात जादा गाड्या सुटतात. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा असो की लग्नसराई, गर्दी दिसली की आगारात जादा गाडीची हालचाल सुरू होते. यवतमाळ आगारात वाहक म्हणून उभी हयात गेली माझी, त्यामुळे हे आतून ठाऊक आहे. पण जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर एका संध्याकाळी चाळीस-पंचेचाळीस हजार माणूस जमतो, तेव्हा तो रात्री घरी कसा जाईल, याचा विचार फक्त नागपूरच्या दिशेनं होतो.

जामठा कुठं आहे, ते आधी सांगतो. नागपूरच्या पलीकडे नाही, अलीकडे आहे. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा, सेलू, बुटीबोरी असं येताना आधी स्टेडियम दिसतं, मग शहर लागतं. म्हणजे नकाशावर हे मैदान आमच्या बाजूला सरकलं आहे. आणि तरीही ते आम्हाला दूर गेलं, ही गंमत आहे.

जुनं मैदान सदर भागात, भर शहरात. ३१ ऑक्टोबर १९८७, विश्वचषकाचा भारत-न्यूझीलंड सामना. मी तेव्हा नवखा वाहक. आदल्या दिवशीची नागपूर मुक्कामी ड्यूटी एका सहकाऱ्याकडून बदलून घेतली आणि रात्री विश्रांतीगृहात पडलो. सकाळी मैदानावर. चेतन शर्मानं रदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांना लागोपाठ चेंडूंवर त्रिफळाचीत केलं. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. पुढं गावसकर तापात खेळायला आले आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३! एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं एकुलतं एक शतक. २२२ धावांचं लक्ष्य ३२.१ षटकांत संपलं. उन्हं उतरायच्या आत आम्ही मोकळे. गणेशपेठच्या बसस्थानकावर आलो, फलाटावर यवतमाळची गाडी उभी होती, रात्री घरी जेवायला होतो. माझ्यासोबत बाभूळगाव, नेर, दारव्ह्याची माणसं होती. कुणाला हॉटेल बघावं लागलं नाही की कुणाच्या दारात गाडी नव्हती म्हणून अडलं नाही.

२००८ला सामने जामठ्याला गेले. दिवस-रात्रीचे सामने वाढले. मैदान जवळ आलं, पण सामना संपायची वेळ शेवटच्या गाडीच्या पलीकडे गेली. खेड्यातला प्रेक्षक तिथं तुटला.

१२ मार्च २०११चा विश्वचषकातला दक्षिण आफ्रिकेचा सामना मी तिथं पाहिला. आमच्या स्टँडवर छप्पर नव्हतं. विदर्भातला मार्च, दुपारी अडीचची सुरुवात. घरून नेलेली पाण्याची बाटली फाटकावर काढून घेतली आणि आत पाण्यासाठी रांग. पण सचिन खेळत होता. त्याचं ९९वं आंतरराष्ट्रीय शतक डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचलूनच घेतलं. एक बाद २६७! मग काय झालं ते देशाला माहीत आहे. २९ धावांत नऊ गडी, स्टेननं पाच उडवले, सगळे मिळून २९६. शेवटच्या षटकात आफ्रिकेला तेरा हव्या होत्या. नेहराला पीटरसननं चार, सहा, दोन, चार असं मारलं आणि दोन चेंडू राखून खेळ खलास. भारतानं पुढं तो विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेतला एकमेव पराभव आमच्या वाट्याला आला होता.

हरल्याचं दुःख महामार्गावर येईपर्यंतच टिकलं. बाहेर सगळा लोंढा नागपूरकडे. आम्ही काही जण उलट्या बाजूला, बुटीबोरीकडे तोंड करून उभे. उमरखेडकडचा एक पोरगा मला विचारतो, ‘‘काका, इथं यवतमाळची गाडी थांबन का?’’ त्याला काय सांगू? अंधारात चाळीस हात हलताना दिसले की चालक गाडी थांबवत नाही, वेग वाढवतो. मी वाहक असतो तर मीही डबल बेल दिली असती. शेवटी सरकीचा एक ट्रक थांबला. वर्ध्याला उतरलो आणि बाकीची रात्र बाकावर काढली.

पुन्हा जायचं नाही असं ठरवलं होतं, पण २३ सप्टेंबर २०२२ला धाकट्या लेकीनं ऑस्ट्रेलियाच्या सामन्याचं तिकीट फोनवर काढलं. फोनवर काढलेलं तिकीट कागदावर घ्यायला आधी एकदा नागपूरची खेप. सामना सातचा. मैदान ओलं, म्हणून साडेनऊला सुरू झाला, तोही आठ-आठ षटकांचा. रोहितनं २० चेंडूंत नाबाद ४६ केल्या, कार्तिकनं दोन चेंडूंत दहा काढून संपवला. पोरगी खूश. मी मात्र सातपासून घड्याळ बघत होतो, कारण सोबत तरणी लेक आणि बाहेर तोच रस्ता. त्या रात्री आम्ही नागपुरात नातेवाइकांकडे गेलो. म्हणजे घर दक्षिणेला आणि आम्ही चाललो उत्तरेला. ज्यांचं नागपुरात कुणी नाही, त्यांनी काय करायचं?

नागपूरकरांची सोय झाली, याचं मला वाईट वाटत नाही. खापरीपर्यंत मेट्रो आहे, सामन्याच्या दिवशी ती उशिरापर्यंत चालवतात. छानच आहे. आमच्याकडे शकुंतला रेल्वे बंद पडली आणि वर्ध्याहून निघालेली नवी रेल्वे २०२४ला कळंबपर्यंत आली. म्हणजे जिल्ह्याच्या गावाला रात्री पोचायचं तर रस्ता आणि एसटी, दुसरं काही नाही. रस्ता तर आता चौपदरी झाला.

चेन्नईत २०२३च्या आयपीएलला सामन्याच्या तिकिटावर मेट्रोचा प्रवास फुकट होता. जर्मनीत २०२४च्या युरो फुटबॉलला तिकिटासोबत ३६ तासांचा स्थानिक प्रवास जोडून दिला होता. आम्ही फुकट मागत नाही. भाडं देऊ.

साधी गोष्ट आहे. तिकीट काढताना ‘परतीची बस हवी का, कुठली’ एवढं विचारा. यवतमाळ, पुसद, वणी, चंद्रपूर, अमरावती अशी नावं द्या. किती माणसं कुठल्या बाजूची आहेत, हे आयोजकांना आठ दिवस आधी कळेल आणि ते आगाराला कळवतील. गाड्या बुटीबोरीच्या बाजूला वेगळ्या उभ्या करा, पाटी लावा, एक वाहतूक नियंत्रक ठेवा. शेवटच्या चेंडूनंतर तासाभरानं सुटू द्या, सामना कितीही लांबला तरी.

आगारातला साहेब म्हणेल, जाताना गाडी रिकामी धावेल, भारमान बसणार नाही. का रिकामी धावेल? दुपारी हीच माणसं त्याच गाडीनं जातील. दोन्ही खेपा भरलेल्या, आसनं आधी विकलेली. पंढरपूरच्या कित्येक जादा गाड्यांना एवढी खात्री नसते. शिवाय २०२३पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे. गाडी रात्री थेट घरच्या बसस्थानकावर आणून सोडणार असेल, तर गावातल्या पोरी सामन्याला एकट्यादुकट्याही निघतील. आज त्यांना घरातूनच नाही म्हणतात, आणि नाही म्हणणाऱ्या बापांत मीही आहे.